काटकर बंधूंची गोष्ट: 'दहावी पास' हा त्यातला मुद्दाच नाही

सोल्डरगन

दहावीचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत तो निरोप फिरायला लागतो. साताऱ्याकडचा मुलगा, शिक्षण दहावी, पगार चारशे रुपये, आणि आज शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. यंदा आमच्या शेजारच्या मुलाला तो निरोप तीन नातेवाइकांनी पाठवला. त्याला ५४ टक्के मिळालेत. संध्याकाळी दुकानात येऊन तो मला म्हणाला, "काका, म्हणजे पुढं नाही शिकलं तरी चालतं ना?" गिऱ्हाईक समोर होतं, नीट बोलता आलं नाही. ते इथे लिहितो.

मी १९९४ पासून कराडात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. क्विक हील हा अँटिव्हायरस काढणाऱ्या कैलास आणि संजय काटकरांना मी भेटलेलो नाही. पण त्यांची सुरुवात ज्या टेबलावर झाली तसल्याच टेबलावर माझं आयुष्य गेलंय. म्हणून त्या गोष्टीतला जो भाग निरोपात नेमका गाळला जातो, तो मला डोळ्यासमोर दिसतो.

कैलास काटकर यांचा जन्म १९६६ चा, रहिमतपूरचा. वडील पुण्यात फिलिप्स कंपनीत कामाला. दहावीनंतर कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर शिकाऊ म्हणून लागले. निरोप इथून उडी मारतो तो थेट कोटींवर. मधल्या दहा वर्षांचं कुणी बोलत नाही, आणि सगळं शिकण्यासारखं त्या दहा वर्षांतच आहे.

त्या काळचा कॅल्क्युलेटर म्हणजे आजचा खिशातला नव्हे. कागदाच्या पट्टीवर आकडे छापणारं, चांगलं जड धूड असायचं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, बेरीज चुकते. आता यंत्राची बेरीज अशी कधी चुकत नाही. होतं काय, की पाचाच्या बटणाखाली मळ बसलेला असतो आणि एकदा दाबलं की पाच दोनदा उमटतो. तक्रार बेरजेची, दोष बटणाचा. नवशिका मेकॅनिक बेरजेच्या मागे लागून चिप बदलतो आणि गिऱ्हाइकाला भुर्दंड बसतो. मुरलेला माणूस आधी विचारतो, "कुठला आकडा असला की चुकते?" हा प्रश्न विचारायची सवय हेच या धंद्यातलं खरं शिक्षण. त्याला वर्षं लागतात आणि त्याचं प्रमाणपत्र कुठे मिळत नाही.

दुरुस्तीसाठी कैलास बँकांमध्ये जायचे. तिथे त्यांनी कॉम्प्युटर पाहिला आणि पुढे आपल्या टेबलावर काय येणार हे ओळखलं. पुस्तकं आणून शिकले. १९९० च्या सुमारास साधारण १५,००० रुपये घालून पुण्यात मंगळवार पेठेत स्वतःचं छोटं दुकान टाकलं. १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू झालं.

आणि इथे दुसरा भाऊ येतो. संजय धाकटे. थोरल्याने त्यांना कॉम्प्युटरच शिकायचा आग्रह धरला, फीची तजवीज केली. संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकले, पुढे पदव्युत्तरही केलं. कॉलेजच्या लॅबमधली यंत्रं व्हायरसने बंद पडायची, आणि इकडे दुकानात येणाऱ्या यंत्रांचीही तीच गत. पुन्हा कॅल्क्युलेटरसारखंच. गिऱ्हाईक म्हणतं हार्ड डिस्क गेली, आणि डिस्क तर ठणठणीत असते. संजय एकेका व्हायरससाठी साफ करणारा छोटा प्रोग्रॅम लिहीत गेले. ते सुटे प्रोग्रॅम एकत्र बांधून १९९५ मध्ये डॉसवर (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर) चालणारं क्विक हील बाजारात आलं.

आता मला सांगा, या घराने शिक्षण सोडलं का? एकाचं सुटलं. ज्याचं सुटलं त्याने आपल्या कमाईतून दुसऱ्याचं पूर्ण केलं. थोरल्याच्या हातातली दुरुस्ती आणि धाकट्याच्या डोक्यातलं संगणकशास्त्र, यातलं एक काढलं तरी ते उत्पादन झालं नसतं. शेजारच्या मुलाला पाठवलेल्या निरोपात संजयचं नावच नव्हतं.

---

लेजर_फोलिओ

छान लिहिलंत. मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले. "बँकेत कॉम्प्युटर पाहिला" हे एक वाक्य तुम्ही पटकन लिहून गेलात, पण त्यामागे बरंच आहे म्हणून थोडी भर घालते.

१९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला आणि १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला. त्यानंतर शाखांमध्ये खातेवहीच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशीन यायला लागली. आमच्या शाखेत त्यासाठी काचेची खोली केली होती. वातानुकूलन फक्त तिथे. चपला बाहेर काढून आत जायचं. आम्ही कारकून मंडळी त्या काचेकडे धास्तीने बघायचो. नोकऱ्या जातील हे तेव्हा रोजच्या बोलण्यात होतं, सभा व्हायच्या, मीही घोषणा दिल्या आहेत. त्या भीतीत खोटं काही नव्हतं.

दुरुस्तीला येणारी मुलं पिशवी घेऊन बाकावर बसून राहायची. त्यांना चहा मिळायचा नाही. कित्येकदा दोन-दोन तास. आज तुमचं लिखाण वाचताना जाणवलं की बाकावरून ती काच आम्हाला दिसायची त्यापेक्षा वेगळी दिसत असणार. आम्हाला त्यात आपलं काम जाताना दिसत होतं. त्यातल्या एखाद्याला आपलं काम येताना दिसलं असेल.

---

कृष्णाकाठ

माहेर रहिमतपूरजवळ. आमच्याकडे हे नाव घराघरात अभिमानाने घेतात. पण "दहावी पास असूनही" हे शब्द मलाही कायम खटकत आलेत. धागा वाचनखुणेत टाकला.

---

सी_प्रॉम्प्ट

सोल्डरगन, तुमच्या लेखातला "साफ करणारा प्रोग्रॅम" हा भाग आजच्या वाचकांना किरकोळ वाटेल. तो किरकोळ नव्हता. मी विद्यार्थी असताना पुण्यातच होतो, आता गेली वीस वर्षं परदेशात सुरक्षेच्याच क्षेत्रात काम करतो. जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

तेव्हा इंटरनेट नव्हतं, व्हायरस फ्लॉपीवरून पसरायचे. बूट सेक्टर म्हणजे डिस्कचा उंबरठा. यंत्र सुरू होताना आधी तिथलं वाचतं. १९८६ चा 'ब्रेन' लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला, तो याच जातीचा. १९९० च्या सुमारास भारतात सापडलेला 'जोशी' तर खास आपला. ५ जानेवारीला यंत्र अडवून बसायचा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावायचा. 'हॅपी बर्थडे जोशी' लिहिलं की सोडायचा. 'मायकेलअँजेलो' मात्र घातक. ६ मार्चला यंत्र सुरू केलं की तो डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकायचा.

हे व्हायरस मूळ बूट सेक्टर उचलून डिस्कवर दुसरीकडे ठेवायचे आणि त्याच्या जागी स्वतः बसायचे. म्हणजे नुसता व्हायरस पुसला तर उंबरठाच जातो. आधी मूळ सेक्टर कुठे दडवलाय ते शोधायचं, तो परत जागेवर आणायचा. प्रोग्रॅमच्या फाइलला चिकटणाऱ्यांचं असं की ते फाइलच्या सुरुवातीचे काही बाइट बदलतात आणि मूळ बाइट आपल्या पोटात ठेवतात. फाइल पुसून टाकणं सोपं, पण गिऱ्हाईक ज्यावर हिशेब करतं तो प्रोग्रॅमच पुसून कसं चालेल? पोटातून ते बाइट काढून परत लावावे लागतात.

सगळ्यात अवघड मला 'वन हाफ' वाटला होता. १९९४ चा. यंत्र सुरू होईल तसा दर वेळी डिस्कचा थोडाथोडा भाग सांकेतिक, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, करत जायचा, आणि तो व्हायरस आत असेपर्यंत सगळं नीट दिसायचं. किल्ली त्याच्याजवळ. घाईने त्याला काढून टाकला की किल्लीही गेली आणि विदाही, म्हणजे डेटाही. अशा व्हायरसशी लढायचं तर त्याचा कोड एकेक सूचना करत वाचावा लागतो. हे काम नुसत्या हुशारीने होत नाही, यंत्रभाषा आणि डिस्कची रचना नीट शिकलेली असावी लागते. म्हणून संजय काटकरांचं शिक्षण हा गोष्टीचा कणा आहे, या तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

आणि थोरल्या भावाच्या बाजूनेही एक सांगतो. आमच्या क्षेत्रात सगळं नमुन्यावर चालतं. नवा व्हायरस सगळ्यात आधी कुणाच्या हाती पडतो याला फार किंमत आहे. परदेशी कंपनीपर्यंत पुण्यातला नमुना पोचून त्यावरचा उतारा फ्लॉपीवर परत येईपर्यंत किती काळ जात असेल! इथे तो त्याच दिवशी, आजारी यंत्रासकट, टेबलावर यायचा. त्या जागेची बरोबरी पैशाने झाली नसती.

---

उभा_छेद

मला थोडं वेगळं म्हणायचंय. कुणाचा उपमर्द नाही.

त्याच वर्षांत पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात अशी दुरुस्तीची दुकानं किती होती? त्यातल्या कित्येक ठिकाणी तितकेच कष्टाळू मेकॅनिक होते, शिकलेले धाकटे भाऊही असतील. ती दुकानं बंद झाली आणि त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही. यशस्वी माणसाच्या आयुष्याकडे मागे वळून पाहिलं की प्रत्येक वळण मुद्दाम घेतल्यासारखं दिसतं. कैलास काटकरांनी कॉम्प्युटरऐवजी पेजरवर भर दिला असता तर आज आपण तेच आडाखे चुकल्याचं म्हटलं असतं. शिवाय पुणं हे पुणं होतं. कॉलेजं, बँका, पिंपरी-चिंचवडचे कारखाने, १९९० पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क. हेच दुकान एखाद्या तालुक्याच्या गावी असतं तर?

दुसरं असं की गोष्ट शेअर बाजारात पोचली की लोक थांबतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांना दिलेला क्विक हीलचा शेअर पहिल्याच दिवशी त्याच्या बराच खाली बंद झाला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तर अँटिव्हायरस विंडोजच्या आतच येतोय, फुकट. ज्या घरगुती ग्राहकावर कंपनी उभी राहिली त्याला विकत घ्यायचं कारणच कमी होत गेलं. हेही शिकण्यासारखं आहे, आणि माझ्या मते जास्त.

---

सोल्डरगन

उभा_छेद, तुमचं पहिलं म्हणणं मान्य आहे. माझंच दुकान त्या "बाकीच्या दुकानांत" मोडतं, म्हणून ते मला आतून पटतं. १९९६-९७ मध्ये माझ्याकडे आठवड्याला पाच-सहा यंत्रं व्हायरसने बंद पडून यायची. मी फॉरमॅट मारायचो. अडीचशे रुपये. पंधरा दिवसांनी तेच यंत्र परत, परत अडीचशे. ती फ्लॉपी कुठून आली, कुणाच्या हातून आली, हे मी विचारलं नाही. कॅल्क्युलेटरच्या बटणाचा प्रश्न मला येत होता, तो मी इथे लावला नाही. एका शिक्षकांच्या मुलीचा प्रबंध माझ्या फॉरमॅटमध्ये गेला. पाठप्रत (बॅकअप) नव्हती. ती माझ्यासमोर रडली, ते अजून विसरलो नाही. नशीब म्हणाल तर माझंही वाईट नव्हतं. यंत्रं माझ्याकडेही येत होती.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. मलाही गोष्ट २०१६ ला संपत नाही असंच वाटतं. पण ती १९९५ लाही सुरू होऊन सरळ वर गेली नव्हती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी धंदा इतका अडचणीत होता की बंद करायचा विचार झाला होता. उत्पादन चांगलं होतं, विकणारं कुणी नव्हतं. त्यानंतर त्यांनी विक्री कळणारी माणसं घेतली, पुण्याबाहेर नाशिकला पहिली शाखा काढली, आणि गावोगावच्या कॉम्प्युटर विक्रेत्यांना हाताशी धरलं. २००७ मध्ये कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. २०१० मध्ये सिकोया कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी आले, तोवर बाहेरचं मोठं भांडवल नव्हतंच. म्हणजे दुकान काढल्यापासून वीस वर्षं. आणि फुकटच्या स्पर्धेत घरगुती ग्राहक निसटतोय म्हटल्यावर सेक्राइट या नावाने कंपन्यांसाठीचं काम वाढवलं. ते पुरेसं ठरेल का, हे मला सांगता येणार नाही, तुम्ही त्या बाबतीत जास्त जाणता.

---

बिलबुक

विक्रेत्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. सांगलीत माझं कॉम्प्युटर विक्रीचं दुकान होतं. आम्ही यंत्र जोडून द्यायचो आणि सोबत अँटिव्हायरसचा डबा. आम्ही नेमका तोच डबा का पुढे करायचो? मार्जिन हे एक कारण होतंच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे यंत्र बिघडलं की गिऱ्हाईक व्हायरस लिहिणाऱ्याला शिव्या घालत नाही, विकणाऱ्याला घालतं. तेव्हा पुण्याला फोन लावला की पलीकडे मराठीत बोलणारा माणूस असायचा आणि तो फोनवर एकेक पायरी करून घ्यायचा. बाजार समितीतला अडत्या असो की शाळेतले क्लार्क, "आता उजवीकडचं बटण दाबा" हे त्यांना आपल्या भाषेत ऐकायला मिळायचं. माझा माल परत येत नव्हता. छोट्या विक्रेत्याला याहून जास्त काही नको असतं.

दुरुस्तीच्या टेबलावरून आलेला मालक असल्यामुळेच हे सुचलं असावं, असं मला तेव्हाही वाटायचं.

---

गोधडी

तुमचा सगळ्यांचा तांत्रिक भाग मला अर्धामुर्धा कळला. पण "ज्याचं सुटलं त्याने दुसऱ्याचं पूर्ण केलं" या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

मी डॉक्टर आहे. माझी थोरली ताई नववीत शाळेतून निघाली, कारण वडील गेले आणि आईला एकटीने शिवणकाम झेपेना. ताईच्या शिलाईवर मी बारावी केली, वैद्यकीय केलं. सत्कार झाले ते माझे. ताई मागच्या रांगेत बसायची, कारण पुढे बसायला तिला संकोच वाटायचा. काटकरांच्या घरात शिकवणारा भाऊ कंपनीचा प्रमुख झाला, लोकांना त्याचं नाव माहीत आहे. हे मला फार बरं वाटलं. बऱ्याच घरांत तसं होत नाही, आणि ती थोरली जर मुलगी असेल तर जवळजवळ कधीच होत नाही. आमच्या दवाखान्याच्या पाटीवर गेल्या वर्षी मी ताईचं नाव घातलं. औषधांचा साठा, हिशेब, माणसं, सगळं तीच बघते. तिला वीस वर्षं आधी पाटीवर घ्यायला हवं होतं.

---

लेजर_फोलिओ

गोधडी, ताईंना माझा नमस्कार सांगा.

---

नवीन_पान

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळं वाचलं. पण खरं विचारायचंय. आज ते टेबल कुठे आहे? मोबाइल उघडत नाही, लॅपटॉपचा बोर्ड बदलून देतात, व्हायरस फ्लॉपीवरून येत नाही. माझ्यासारख्याने कुठल्या बाकावर जाऊन बसायचं?

---

सी_प्रॉम्प्ट

नवीन_पान, माझ्या क्षेत्रापुरतं सांगतो. आज जिल्हा सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, छोटी रुग्णालयं, सगळीकडे सर्व्हर आहेत, आणि खंडणीखोर व्हायरस विदा सांकेतिक करून पैसे मागतात. तत्त्व तेच वन हाफचं, फक्त किल्ली आता चोराच्या घरी असते. अशा ठिकाणी पाठप्रती रोज निघतात का, आणि त्या परत चालू करून बघितल्यात का, एवढं जरी मन लावून पाहिलंस तरी दोन वर्षांत तुला असे प्रश्न दिसतील जे माझ्यासारख्या परदेशात बसलेल्याला दिसत नाहीत. तुझं तालुक्याचं गाव यात अडचण नाही, उलट तिथेच बस.

---

सोल्डरगन

माझ्या टेबलावर सध्या जे येतंय ते सांगतो. सौर पंपाचे कंट्रोलर. आमच्या भागात शेतात पॅनेल बसलेत भरपूर, आणि बिघडले की शेतकऱ्याला आठ-आठ दिवस थांबावं लागतं. उभं पीक तेवढं थांबत नाही.

ज्या मुलामुळे हा धागा काढला त्याचंही सांगायचं राहिलं. मागच्या रविवारी त्याला बसवून दोन्ही भावांची गोष्ट पूर्ण सांगितली. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकसाठी अर्ज भरलाय त्याने. प्रवेशाचं कळेपर्यंत दुपारी दुकानात येतो.

काल तो मामाच्या शेतातला कंट्रोलर घेऊन आला. म्हणाला, "कंट्रोलर गेलाय, मोटर उचलत नाही." मी म्हटलं, "दिवसभर उचलत नाही की ठरावीक वेळेला?" त्याने मामाला फोन लावला. सकाळी चालते, अकरानंतर बंद पडते. मग मी काही न बोलता माझं काम करत बसलो. तासाभराने तोच म्हणाला की कंट्रोलर टेबलावर तर नीट चालतोय, शेतातच जाऊन बघू. आज सकाळी गेलो. पॅनेलकडून येणाऱ्या तारेचा एक जोड आतून काळा पडला होता. ऊन वाढलं, प्रवाह वाढला, की तो तापून सोडत होता. जोड त्यानेच बदलला.

बिलबुक, सांगलीत या जोडांचा चांगला माल कुणाकडे मिळतो? इथे मिळतात ते हलके आहेत, दोन उन्हाळ्यांत पुन्हा जळतील. वीस-पंचवीस जोड एकदम घेऊन ठेवीन म्हणतो.